पर्याय ब

मे महिना. मानेवाड्यात दुपारचे तीन.
कूलरची मोटर घशात खडा अडकल्यासारखी बोलते.
मी हाय फाँगच्या अकरावीसाठी उतारा लिहिते आहे:
इंग्रजी, शब्द दोनशे ऐंशी,
खाली सात प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय.
वर थुईची सूचना, पिवळ्या रंगात:
राजकारण नको, धर्म नको, मरण नको,
मुलांनी न पाहिलेली वस्तू नको.

पहिला उतारा परत आला होता.
त्यात एक मुलगा गच्चीवरून पाईप ओढत आणून
कूलरमध्ये पाणी भरायचा,
आणि भिजल्या वाळ्याच्या वासाला शब्द शोधायचा.
थुईनं विचारलं, हे यंत्र आहे की जनावर?
पाणी पितं, म्हणून विचारते.

कूलर काढला. छत्री घातली.
मुलाचं नाव मिन्ह ठेवलं, त्याला एक बहीण दिली,
आणि पाचव्या ओळीत त्याची बस चुकवली.
बस चुकली की पूर्ण भूतकाळ आपोआप येतो:
तो पोचला तोवर ती गेलेली होती.

बरोबर उत्तराला अर्धं मिनिट पुरतं.
दिवस जातो तीन चुका घडवण्यात.
चूक अशी हवी की हात तिच्याकडे जावा.
कुणीच निवडली नाही तर आमच्या धंद्यात म्हणतात,
पर्याय मेला.
(मरण नको, हे फक्त उताऱ्याला लागू.)

अशा वेळी मी उमरेडला जाते.
जिल्हा परिषदेची शाळा, सातवी.
खोब्रागडे सर फळ्यावर 'हॅड' लिहितात
आणि पुढची जागा मोकळी सोडतात.
मी उभी राहते, ठणकावून म्हणते, वेंट!
वर्ग हसतो. सर हसत नाहीत.
म्हणतात, पोरी, चूक बी उगाच नाही होत.
भूतकाळ तर तू आणलास घरात,
फक्त दार सोडून खिडकीतून.

ते 'वेंट' मी पस्तीस वर्षं मोडलं नाही.
आज प्रश्न चौथा, पर्याय ब.

पर्याय क थुईनं दिला: 'गो', जसंच्या तसं.
म्हणाली, आमचं क्रियापद जागचं हलत नाही,
काल आला तर शेजारी बसतो,
उद्या आला तर तोही.
ब तुझी, क आमची.

सहावा प्रश्न: अकराव्या ओळीतलं 'वुई' कोणासाठी?
इथं माझा हात थांबला.
आम्ही, की आपण?
बहीण मिन्हशी बोलते आहे की बसवाल्याशी?
इंग्रजीला काही पडलेली नाही.
रात्री थुईचं उत्तर: आमच्यातही दोन आहेत.
एकात ऐकणारा आत, एकात बाहेर.
चुंग ता. चुंग तोय.
मी खाली आमची जोडी लिहून पाठवली.
तिच्याकडे तेव्हा साडेबारा, माझ्याकडे अकरा,
आणि दोघी थोडा वेळ
त्या एका खोलीच्या भाषेबाहेर ओसरीवर बसलो.
बोललो अर्थात इंग्रजीतच, आम्ही.
तुम्हाला सांगते आहे, म्हणून आम्ही.
तिला सांगताना आपण.

आठ दिवसांनी तक्ता आला.
मुलं सहाशे बारा.
प्रश्न चौथा: बरोबर, अडतीस टक्के.
क, नऊ.
ब, एकेचाळीस.
शेजारी लाल खूण: हुशार मुलंही ब कडे गेली, तपासा.

दोनशे एक्कावन्न मुलं.
क्रियापद न हलणाऱ्या घरांतून आलेली,
त्यांनी ते हलवलं,
जोर लावून, जरा जास्तच,
आणि येऊन उभी राहिली उमरेडच्या त्या वर्गात
माझ्या बाकाशेजारी.
थुई विचारते, बदलू या का?

मी लिहायला घेते, की आपण
आणि खालून मेश्रामकाकू ओरडतात,
नळ आले व बाई, काहून बसलीस!
मी उठते. पाईप गच्चीवर आहे.