शिळं पाणी

उणे एकतीस.
थंडर बेच्या चढावर प्रत्येक घराचा धूर सरळ वर,
दोरीनं टांगल्यासारखा.
एइनो काउप्पिलानं दार उघडलं. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी.
म्हणाला, बॉयलर ठणठणीत आहे,
घरच आजारी पडलंय.

तळघरात उतरले.
भरणीच्या व्हॉल्व्हचं पितळी चाक
एवढंच काय ते चकचकीत,
बाकी सगळं काळवंडलेलं.
रोज उघडता?
रोज. अर्धा आटा. कॉफी उकळेपर्यंत.
काटा बारावर आला की बंद.
दुसऱ्या सकाळी पुन्हा चारावर.
कधीपासून?
त्यानं बोटं मोजली, मध्येच सोडून दिली.
सप्टेंबर असेल.

माझा बाप ओत्ताव्यो याच गावात चाळीस वर्षं
पाइपांना पाइप जोडत आला.
सांगायचा, रेडिएटरमधलं पाणी शिळंच असावं लागतं, पोरी.
एकदा भरलं की तेच चढतं, निवतं, उतरतं,
काळं पडतं, त्यातला प्राणवायू विझतो,
मग लोखंड त्याची धास्ती घेत नाही.
ताजं पाणी
भूक घेऊन येतं.

हे मी एइनोला सांगितलं नाही.
अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं,
तुम्ही रोज सकाळी औषध म्हणून जे पाजत होता
तेच आतून कुरतडत होतं.

वरच्या खोलीतला रेडिएटर पायाशी कोमट, माथ्याशी गार.
किल्ली फिरवली. हवा सुटली,
सुटतच राहिली,
खोलीत कुणी मोठा सुस्कारा टाकावा इतका वेळ,
मग माझ्या मनगटावर दोन गंजके थेंब.

कुठेतरी पाणी मुरत होतं.
खरोखरचं मुरत होतं, म्हणीतलं नाही.

स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा डाग,
दोनदा रंगवलेला, तिसऱ्यांदा वर आलेला.
करवत घातली.
ओलं प्लास्टर भाकरीसारखं हातात आलं
आणि आत, तुळयांच्या अंधारात,
शेजारी शेजारी दोन पाइप:
वरचा न्हाणीच्या टबाचा, सांध्याशी हिरवा, हळूच टपकणारा.
खालचा हीटिंगचा, नेमका त्या थेंबाखाली,
अंगावर खपली धरलेला.
खपलीतून केसाएवढी वाफाळती धार.
सगळी ऊब तुळया पीत होत्या.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
इथे थेंबे थेंबे भोक पडलं होतं.

टब कोण वापरतं?
कुणीच नाही. मी सौनातला माणूस, टबात काय बुडायचं.
मग थोडं थांबून,
रविवारी फक्त लेम्पीची फर्नं.
अकरा कुंड्या. टबात ओळीनं मांडतो,
शॉवर लावतो, पाऊण तास.
तिला वाटायचं त्यांना जंगलातल्यासारखं वाटतं.

मी पान्याला पाना लावला आणि बोलले नाही.

दुपारभर काम. हातभर पाइप कापला, नवा घातला,
टबाचा सांधा बदलला.
बादल्यांमध्ये उतरवलं जुनं पाणी,
शाईसारखं, लोखंडाच्या वासाचं.
एइनो बादल्या अंगणात नेऊन ओतत होता, मी नको म्हणत असताना.
बर्फावर काळं भगदाड पडलं,
वाफ आली, लगेच गोठलं.

नवं पाणी भरलं. गंज धरू नये म्हणून एक बाटली औषध त्यात.
काही आठवडे आवाज येतील, म्हटलं,
पाणी शिळं व्हायला वेळ घेतं.
येऊ देत, म्हणाला. घरात आवाज असलेला बरा.

गुरुवारी प्रेशर बघायला गेले.
काटा बारावर, हललेला नाही.
तरी व्हॉल्व्हच्या चाकावर ताजा बोटांचा ठसा,
कॉफीच्या वासाचा.
फिरवलं नाही हं, तो म्हणाला,
नुसता हात लावला.

फर्नं आता खिडकीशी, ताटल्यांत.
एकाला नवी गुंडाळी फुटली होती, कानाएवढी.

बिलात लिहिलं: सांधा एक, पाइप हातभर, मजुरी, औषध.
कारण या रकान्यात
जुना सांधा, एवढंच.