दुसरी सही

अर्जावर तीन सह्या होत्या.
दुसरी माझी.

मी रात्रपाळीची. डुलूथच्या इस्पितळात
लोकांच्या श्वासनलिकेतून कफ ओढून काढते,
नळी किती आत गेली ते बोटांनी मोजते,
आणि सकाळी आठला घरी येऊन पडदे ओढून घेते.
आठ वाजून दहा मिनिटांनी पुल्ला सुरू व्हायचा.
टपालवाल्यावर. खारीवर. बर्फ उपसणाऱ्या गाडीवर.
समोर काहीच नसलं तर त्यावरही.

पुल्ला म्हणजे फिनिश लोकांचा वेलदोड्याचा गोड पाव.
कुत्र्याचा रंग तसाच, नुकता भाजून निघालेला.
हे मिसेस नीमींनी जिन्यात सांगितलं होतं,
आमची ओळख तेव्हा वेलदोड्यापुरतीच.

तिसऱ्या नोटिशीत मॅनेजरने लिहिलं:
कुत्रा गप्प, नाहीतर दोघं बाहेर.
एक्याऐंशीव्या वर्षी बाहेर म्हणजे कुठे, ते लिहिलं नव्हतं.
दोन डॉक्टरांनी हात वर केले.
तिसरा पुलापलीकडे, विस्कॉन्सिनमध्ये,
तोंडातूनच करतो म्हणाला, टाका दिसणार नाही.
टाका दिसत नाही, हे खरं.

घसा मला माहीत आहे.
दोन पांढरट पडद्या, वेलदोड्याच्या सालीएवढ्या.
त्यांचा तुकडा काढला की
श्वास पूर्वीसारखाच येतो-जातो,
फक्त वाटेत कुणी भेटत नाही.

आता तो भुंकतो तेव्हा
ओला पुठ्ठा फाडल्यासारखं काहीतरी येतं.
पण त्याला कुणी सांगितलेलं नाही.
पुढचे दोन्ही पाय अजून जमीन सोडतात,
कान मागे, शेपटी ताठ,
अख्खं अंग जुन्याच आवाजात.

आमच्यात म्हणतात, मुकं जनावर.
लहानपणी मला ती माया वाटायची.
रात्रभर गल्ली डोक्यावर घेणाऱ्या कुत्र्यालाही
आम्ही मुकंच म्हणायचो,
म्हणजे ऐकायचं नाही हे आधीच ठरलेलं.

मिसेस नीमींकडे काहीतरी विचारायला गेले.
काय, ते दारातच विसरले.
त्यांनी कॉफी ओतली.
“नऊ वर्षांच्या भुंकऱ्या कुत्र्याला
शेल्टरमध्ये किती दिवस ठेवतात, माहितीय तुला?
जिवंत आहे. पायाशी झोपतो.
तू काय केलं असतंस?”
मग बशी माझ्याकडे सरकवत,
“सही वाचता येते तुझी. सुबक आहे.”

मला झोप हवी होती. त्याचा घसा कुठे मागितला होता?
हे मी कॉफीला सांगितलं.
झोप लागते आता.
आठ ते तीन, सलग, एकही स्वप्न न पडता.
हे मात्र कॉफीलाही सांगितलं नाही.

मार्चअखेर सरोवराचा बर्फ फुटला, पहिली बोट आली.
पूल वर उचलला गेला. बोटीने भोंगा दिला,
एक लांब, दोन आखूड,
गाड्यांच्या काचा थरथरल्या,
आणि धक्क्यावर शंभरेक माणसं, खांद्यावर पोरं घेऊन,
टाळ्या वाजवू लागली.
त्या भोंग्याविरुद्ध कुणी अर्ज केल्याचं
मी तरी ऐकलेलं नाही.

पुल्लाची दोरी त्या दिवशी माझ्या हातात होती,
मिसेस नीमींचा गुडघा धरला होता.
त्याने बोटीला उत्तर दिलं.
शून्याखाली बारा.
प्रत्येक भुंकण्याबरोबर तोंडातून
वाफेचा एक गोळा सुटायचा,
हवेत जरा थांबायचा,
मग पाण्याकडे निघून जायचा.

मी मोजले. अकरा.
बारावा येतोय का म्हणून
बोट आत गेल्यावर, पूल खाली आल्यावर,
माणसं आपापल्या गाड्यांकडे पांगल्यावरही
मी दोरी सैल धरून उभी.