अकरावा रकाना

कामाचे ठिकाण, अर्ज विचारतो.
मी लिहिते शरणपूर. खोडते. ते तर घर.
काम सातपूरला असतं, सिडकोत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
जेल रोडला पुंजाजी आव्हाडांच्या ओट्यावर,
जिथे मी पाटावर बसते
आणि मांडीवरच्या टॉवेलवर एक पाय येऊन पडतो,
कोणाचाच नसल्यासारखा.

बत्तीस वर्षं छापखान्यात नोटा मोजल्या त्यांनी.
बोटांना अजून कागद कळतो.
पायाला चपलेतला खिळा कळला नाही, दोन दिवस.
दुखत होतं का, काका?
"दुखलं असतं तर बरं नसतं का झालं?"

आता नियम येताहेत.
नोंदणी क्रमांक, गळ्यात ओळखपत्र,
कात्री कधी उकळली त्याची वही,
वहीवर घरच्यांची सही.
फोनवर रोझलीन तणतणते:
आमच्या स्कूटीच्या डिक्क्या उघडून बघणार,
आणि रविवार कारंज्यापाशी ब्लेडने कुरूपं कापत बसतो,
त्याला कोण विचारतंय?
मी हो म्हणते. खरंच आहे तिचं.

अकरावा रकाना:
यापूर्वी आपल्याविरुद्ध काही तक्रार?

चंद्रभागाबाई, तपोवनाच्या अलीकडे.
अंगठ्याचं नख मांसात वळलेलं.
ट्यूब फडफडत होती, मला पुढचं घर गाठायचं होतं,
केसभर खोल गेले.
एकच थेंब. बोळा दाबून म्हटलं, काही नाही.
त्याही म्हणाल्या, काही नाही,
आणि चहा टाकायला उठल्या, त्याच पायावर.

सव्वा महिन्याने अंगठा गेला. मग शेजारची दोन बोटं.
सिव्हिलच्या जिन्यात त्यांची सून माझा हात धरून:
साखरच वाईट हो सिस्टर, तुम्ही किती जपलंत.
कोणी वही मागितली नाही.
वही नव्हतीच.

रकान्यात दोन चौकोन. होय. नाही.
"नाही"वर खूण केली.
तक्रार कुठे झाली होती?
रात्री उठून मग नव्या वहीत लिहिलं,
तारीख, घर, कुठलं बोट, किती खोल.
नियमात असं लिहायला सांगितलेलं नाही.

सकाळी जेल रोड. कोमट पाणी, आधी माझं कोपर त्यात.
बोटांमधल्या बेचक्या कोरड्या केल्या.
जखम भरत आलीय, कडा गुलाबी.
काका, इथे सही करा.
"कशाची?"
मी आज तुमचा पाय पाहिला, त्याची.

त्यांनी वही हातात घेतली,
अंगठ्याने कडेवरून सर्रकन सोडली, सवयीने,
ओठ हलले.
"नवीन आहे ना? एक कागद कमी भरतोय यात."

मला माहीत आहे, म्हटलं.