बारी

सकाळची पहिली टाकून द्यायची,
लॅबमधला मुश्ताक म्हणाला होता,
मग उद्या सकाळपर्यंतची एकूण एक
ह्या पाच लिटरच्या कॅनमध्ये.
थेंब सांडला तर हिशोब चुकला.

हिशोब मला नवा नाही.
मी हिलाल पाटकऱ्याची पोर.
पांझरेच्या बंधाऱ्यावर, पाटाच्या तोंडाशी
आप्पा उभे असायचे, धोतर गुडघ्यावर खोचून.
कोणत्या फडाला किती, कोणाची बारी कधी,
सगळं बोटांच्या पेरांवर.
शेवटच्या शेतातून हाक यायची,
पानी उनं नही रे भो!
आणि आप्पा फळी वर उचलायचे.

कॅन मोरीत ठेवला, ओलं गोणपाट गुंडाळून.
वर चिकटपट्टीवर नाव : रत्नप्रभा, वय त्रेचाळीस.
शेजारची निंबाबाई डोकावली,
रॉकेल मिळायला लागलं का गं परत?

डॉक्टर बागुलांनी कागदावर काढून दाखवलं.
दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फुगे, लहानमोठे.
एक मुठीएवढं असतं, म्हणाले,
तुमचं भरताच्या वांग्याएवढं झालंय.
ते हसले नाहीत. मी हसले.

फुगे दाबतात भोवतीच्या केसासारख्या नळ्या.
पलीकडे रक्त नीट पोचत नाही
आणि तिथल्या राखणदार पेशीला वाटतं,
नदीच आटली.
ती रेनिन सोडते.
रेनिनमागून अँजिओटेन्सिन, शिरा आवळत जाणारं,
त्यामागून अल्डोस्टेरॉन, मीठ अडवून धरणारं,
मिठाच्या पाठोपाठ पाणी.
इकडे प्रेशर एकशे सत्तर,
आणि शेवटच्या शेतातून तरी तीच हाक.

डॉक्टर, ती खोटारडी नाही, मी म्हटलं.
तिच्या बांधावरून जेवढं दिसतं तेवढंच ती सांगते.
पाट मध्येच दबलाय, हे तिला कोण सांगणार?
गोळी सांगते का?
नाही, म्हणाले. गोळी फक्त
तिची हाक पुढे पोचू देत नाही.

आप्पा गेले तेव्हा वैशाख होता.
डोकं दोन्ही हातांत धरून बसले दगडावर.
ऊन लागलं, म्हणाला सगळा गाव,
कोणी कांदा फोडून नाकाशी धरला.
सत्तेचाळीस वर्षांचे.
पाण्याचा दाब हाताने ओळखायचे,
त्यांच्या दंडाला पट्टा कोणी बांधलाच नाही.
कमरेत दुखतं म्हणाले की
आई वीट तापवून शेकायची.

बिबडे डब्यात तसेच पडलेत यंदा.
कळण्याची भाकरी अळणी थापते,
ती तव्यावर फुगते तेव्हा
मी दुसरीकडे बघते.

सहाची एसटी, साक्रीहून धुळ्याला. कॅन मांडीवर.
कुसुंब्याला गर्दी चढली, एकजण म्हणाला,
मावशी, डबा खाली ठेवा की.
नाही ठेवला.
खिडकीतून पांझरा दिसली,
वाळू, वाळू, आणि मध्ये एक रेघ.

मुश्ताकने मोजलं, दोन लिटर सातशे.
बोटाएवढ्या नळीत थोडी घेतली,
उरलेली बेसिनमध्ये ओतली, नळ सोडून.
पंचावन्न किलोमीटर मांडीवर आणलेली.
अल्ब्युमिन, सोडियम, अल्डोस्टेरॉन,
फॉर्मवर तीन खुणा. गुरुवारी या.
रक्त अजून बरं बोलतंय ताई, तो म्हणाला,
पण ही आधी सांगते.

लेकरांना निम्मी शक्यता, हे बागुलांनी
कागदावर काढलं नव्हतं.
नुसतं बोलले होते, पेनाचं टोपण लावता लावता.

स्टँडवर हर्षालीचा फोन.
नंदुरबारला नर्सिंगला आहे, पहिलं वर्ष.
दंडाला पट्टा बांधायला शिकलीय,
सगळ्या हॉस्टेलचं प्रेशर घेते,
स्वतःचं घेतलं का, ते मी विचारलं नाही.
सांडला नाही ना कॅन? नाही.
जेवलीस का? जेवले,
पण आई, मेसच्या भाजीला मीठच नसतं.

तशीच खा, मी म्हटलं.