टाकीची चावी

बारा खांबांवर उभी आहे ती,
जांभळी नाक्याच्या मागं,
भाजीवाल्यांच्या छत्र्यांहून उंच,
नव्या टॉवरांहून बुटकी.
रिक्षावाल्याला अजून ‘टाकीजवळ’ म्हटलं की पुरतं.
कागदावर तिचं नाव आता कलाकुंभ आहे;
ते नाव सांगून कुणी इथं पोचल्याचं
मी तरी पाहिलेलं नाही.

एकतीस वर्षं मी हिची चावी फिरवली.
चरईला पाच वाजता, महागिरीला पावणेसहा,
उथळसरला उरेल ते.
वेळा साहेबांच्या, शिव्या माझ्या.
लोकांना वाटायचं, चावी म्हणजे किल्ली.
चावी म्हणजे छातीला लागेल एवढा लोखंडी दांडा,
हिवाळ्यात तळव्याला चिकटणारा.
उघडायला साडेसत्तावीस फेरे,
बंद करायला अठ्ठावीस.
तो अर्धा फेरा कुठून यायचा,
कुठल्याच इंजिनिअरला सांगता आलं नाही.

मग पूर्वेच्या अंगाला तडा गेला.
पाडायचं ठरलं. दोन वर्षं ठरतच राहिलं.
त्यात एक दिवस मिताली केणी नावाची आर्किटेक्ट आली,
मोजपट्टी घेऊन, गमबूट घालून,
आणि म्हणाली, वैतीकाका, आत कसं वाटतं?

आत?
आत आम्ही वर्षातून दोनदा उतरायचो, गाळ काढायला.
कमरेला दोर, तोंडाला फडकं.
हाक मारली की ती सात वेळा परत यायची
आणि सातवी आपली वाटायची नाही.
एवढं सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

आता भिंतीला दार आहे, दाराशी जिना.
पाण्याच्या खुणा तिनं पुसू दिल्या नाहीत:
दहा फूट, आठ फूट,
आणि खाली माझ्या हातचा, लाल रंगातला, वाकडा चार.
इथवर उतरलं की उथळसरचं बंद.
त्या चारपाशी लोक फोटो काढतात.
एका पोरानं विचारलं, हे चित्र कुणाचं?
म्हटलं, पाणीपुरवठा खात्याचं.

मला खुर्ची आहे, निळा शर्ट, शिट्टी.
काम एवढंच, की कुणी कशाला हात लावायचा नाही.
शनिवारी इथं गाणं होतं.
महागिरीची शहनाज वस्ता आलाप घेते
आणि टाकी तो सात वेळा चाखते.
पहिल्या रांगेत उथळसरच्या सुलोचनाबाई ओगले,
ज्यांनी ब्याण्णव साली
मला बादली फेकून मारली होती.
नेम चांगला होता.

मार्चमध्ये बडोद्याचा एक मुलगा आला.
त्यानं भिंतीवर काहीच टांगलं नाही.
चार काळे स्पीकर ठेवले आणि दिवे घालवले.
रात्री आठला मी दार लावायला गेलो
तर
टप्.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं.
पूर्वेच्या तड्यावर हात ठेवला: कोरडा.
टप्.
जमिनीला कान लावला. शर्ट मळला.
टप्.
मग पाय आपोआप खाली निघाले,
खांबांच्या मधल्या त्या खड्ड्याकडे,
झाकण सरकवलं, दांडा बसवला
आणि गंजलेली चावी फिरवू लागलो,
एक, दोन, दम खात, अकरा,
पाणी वाया जातंय हो, कुणीतरी या.
सव्विसाव्याला मागं पाहिलं.
मुलगा उभा होता, हातात छोटंसं यंत्र.
हसला नाही.
म्हणाला, काका, थांबू नका.
उरलेले दोन मी त्याच्यासाठी फिरवले.

पुढच्या शनिवारी
अंधारात थेंब पडत होते, नेहमीसारखे,
आणि त्यांच्यामधून लोखंड कुरकुरलं,
लांबून, कुणाच्या तरी पहाटेतून.
कुणी खाकरलंही नाही.
पहिल्या रांगेत फक्त सुलोचनाबाई
पाणी आलं गं, म्हणाल्या,
आणि उठल्याच.