दाब

आमचे हे महापालिकेत चावीवाले.
असल्फ्याच्या चढावर पहाटे चार चाळीसला
लोखंडी चावी झाकणात उतरवायचे,
अडीच फेरे, आणि वरच्या चाळीतले हंडे जागे.
बावीस वर्षांत मिनिट चुकलं नाही.

दिवाळीनंतर चुकायला लागलं.
आधी मिनिटं, मग तास, मग
भिंतीकडे तोंड करून निजलेली नुसती पाठ.
आमटी अळणी झाली तरी बोलले नाहीत.
मुलीला नोकरी लागली, पेढा हातात धरून बसले,
मुंग्या येईपर्यंत.
शेजारीण म्हणाली, आळस. दीर म्हणाले, बाहेरचं.
सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
नाक्यावरच्या डॉक्टरनं गोळी दिली,
झोपेची का मनाची, मी विचारलं नाही.

आणि फेब्रुवारीत हे उठले.
कसे उठले!
दोन वाजता अंघोळ, अडीचला टेकडीभर फेरी,
हप्त्यावर दोन पंप, उधारीवर नव्वद बादल्या.
मीही खूश. खोटं कशाला बोलू,
खिचडी केली, देवीला बोललेला नारळ फेडला.
"सगळ्यांना सारखं पाणी," म्हणाले, "नकाशा डोक्यात आलाय,"
आणि एका रात्री सगळ्या चाव्या उघडून टाकल्या.
खालच्या गल्ल्यांत गटारं वाहिली.
वरच्या चाळीत थेंब नाही.
सगळ्यांना द्यायला गेले आणि दाब पडला.

साहेबांनी मेमो दिला, मुलीनं रजा काढली.
शीवच्या हॉस्पिटलात डॉक्टर कुटिन्हो,
वयानं आमच्या पोरीएवढी.
रक्त घेतलं, थायरॉईड बघितलं,
दारू? नाही. डोक्याला मार? नाही.
अंथरुणातल्या महिन्यांचं मी भरभरून सांगितलं.
तिनं पेन खाली ठेवलं:
"आणि चांगले दिवस? ते कसे होते?"
हे कुणी विचारलंच नव्हतं.
मी पंपांचं सांगितलं, बादल्यांचं.
खिचडीपाशी जीभ अडली.

"घरात आधी कुणाला?"
कुणाला नाही, म्हणाल्या सासूबाई, पदर सारखा करत.
बाहेर बाकड्यावर, पुढचा नंबर आत गेल्यावर, म्हणाल्या,
ह्याची आते. देवगडची.
एका हंगामात बागेतला आंबा फुकट वाटला, गावजेवण घातलं,
मग दोन पावसाळे माजघरातून उठली नाही.
"वेडी नाही कुणी म्हटलं. म्हणायचो, तिचं असंच."

हेच सांगायचे मला कधीतरी,
ओल दिसते तिथे गळती नसते.
उगाच रस्ता खणायचा नाही.
रात्री, सगळं निजल्यावर,
सळई जमिनीला, कान सळईला,
पाइप कुठे कण्हतो ते ऐकायचं.

मी सासूबाईंना परत आत नेलं.
"बोला आजी," डॉक्टरीण म्हणाली, आणि खुर्ची जवळ ओढली.

आजाराला नाव मिळालं, दोन टोकांचं.
मी विचारलं, कशानं? माझ्या कशानं?
ती म्हणाली, एका कशानं नाही.
रक्तातलं थोडं, बावीस वर्षांची झोपमोड थोडी,
आधीच्या गोळीनंही वर ढकललं असेल,
आणि थोडं आम्हालाही ठाऊक नाही.
ते "ठाऊक नाही" मला औषधासारखं लागलं.

आता गोळी वेगळी. म्हणे, एक क्षारच.
वेळोवेळी रक्त तपासायचं,
मीठ एकदम तोडायचं नाही,
पाणी मात्र भरपूर पाजा.
पाण्याचं ऐकून हे हसले. जेमतेम, पण हसले.

कॅलेंडरवर रोज आकडा लिहिते मी.
वर तीनपर्यंत, खाली तीनपर्यंत, मध्ये शून्य.
शेजारी झोपेचे तास.
काल अंधारात म्हणाले,
टाकीपाशी बहावा फुलला असेल, उद्या बघून येऊ.
लग्नापासून असलं काही बोलले नव्हते.
मी आनंद व्हायच्या आधी उठले, पेन्सिल शोधली.
लग्नापासून मी ह्यांना 'हे' म्हणते.
कोणते हे?
अधिक एक लिहिलं. खोडलं.
आधी बहावा फुललाय का बघते.