साडेअकरा

मुंबईच्या लिलाववाल्यांनी फॉर्म पाठवलाय.
'मालकीचा इतिहास, खंड नसावा'
आणि खाली तीन ओळींची जागा.
तीन ओळींत आमचा भांडीबाजारातला पत्ताही मावत नाही.

शिल्पकार खरवंडीकर. साल सदतीस. ब्राँझ.
गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई,
चेहऱ्याच्या जागी नुसता उतार,
आणि कुशीत आरपार भोक.
त्यातून बोट घालून आम्ही भावंडं
एकमेकांना टाटा करायचो.

पहिली मालकीण फ्रेनीबाई दुबाश, लॅम रोड, देवळाली.
नवऱ्याच्या आठवणीसाठी पुतळा सांगितला होता,
नवऱ्यासारखा.
आली ही.
बाईंनी पैसे चुकते केले आणि व्हरांड्यात
तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.
तोंड कुठलं, ते माळ्यानं ठरवलं.

मग बंगल्यासकट एका मेजरकडे.
तोफखान्याच्या मेसमध्ये तिच्या डोक्यावर टोप्या ठेवत.
त्रेचाळीस ते एकसष्ट: माहिती नाही.
माझ्याही आयुष्यात आहेत अशी काही वर्षं,
कागद दाखवता येणार नाही.

एकसष्टला भद्रकालीत, भारमलशेठच्या भंगारात.
शेर-मण नुकतेच गेलेले, नवे किलो मिळत नव्हते.
शेठनं तिला तागडीत बसवलं: साडेअकरा.
वितळवली नाही. माप केलं.
तिच्या भारोभार गेल्या फुटक्या घागरी, पाण्याचे बंब,
सायकलींच्या चेना,
कुठल्याशा देवळाची तडकलेली घंटा.
मग वजनमापवाले आले.
बिनशिक्क्याचं माप म्हणून जप्त,
बुडाशी खिळ्यानं कोरलं: मुद्देमाल ४१.

सरकारी लिलावात बोलीच लागेना.
वडील तिथेच कारकून. नऊ रुपये.
पावती आहे. सोबत जोडली आहे.

घरात तिचं नावच साडेअकरा.
गोधड्यांची घडी दाबायला साडेअकरा आण,
दार आपटतंय, साडेअकरा लाव.
एकोणसत्तरला गंगेला पूर आला,
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी,
आम्ही तांदूळ उचलले, रेडिओ उचलला, देव उचलले.
तिला नाही.
चौथ्या दिवशी गाळात
जिथल्या तिथे बसलेली.

मी नोटांच्या कारखान्यात होते, एकतीस वर्षं.
दिवसभर कोऱ्या नोटा डोळ्यांखालून, दोष हुडकायचे,
संध्याकाळी फाटकावर अंगझडती.
हातून गेलेलं आणि आपलं
यातला फरक मला फॉर्मनं शिकवू नये.

त्याच सवयीनं तिला उलटी करून पाहिली
तर मांडीखाली एक अंगठा.
मेणात उमटलेला, धातूत राहून गेलेला.
रेषा मोजता येतात.
खरवंडीकरांचे हात म्हणे नाजूक होते.
हा रुंद, मधोमध चीर पडलेला.
ओतारी असणार कुणी.
तांबट आळीत विचारत फिरले.
एक म्हातारा म्हणाला, केरू.
दुसरा म्हणाला, केरू नव्हेच, केरू तेव्हा मालेगावला.
त्याच्यासाठी रकाना नाही.
बरोबरच आहे, त्याची ती कधी नव्हतीच,
लालभडक होती तेवढी एक रात्र सोडली तर.

तज्ज्ञ म्हणाले, मुद्देमाल ४१ घासून टाकता येईल,
किंमत चढेल.
म्हटलं, विचार करते.
खरंच करतेय. गुडघ्यांचं ऑपरेशन राहिलंय.

वजनाचाही एक रकाना आहे.
काल तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले,
मग एकटी.
वजाबाकी दोनदा केली.
अकरा किलो सातशे.

भारमलशेठचा काटा खोटा नव्हता, वडील सांगत.
कानाशी धरून हलवली.
आत काहीतरी सरकलं, बारीक, कोरडं,
पाऊल वाळूत रुततं तेव्हा होतो तसा आवाज.

फॉर्म टेबलावर आहे.
पंख्यानं उडू नये म्हणून
तिच्याखाली ठेवलाय.